संगीत महोत्सवातील स्टॉल : गर्दी होती, तरी विक्री का झाली नाही?

धागालेखिका (मातीची भांडी) :

नमस्कार. मी हाताने घडवलेली, झिलई दिलेली मातीची भांडी विकते. आजवर माझी विक्री ओळखीतून आणि लहान प्रदर्शनांतून होत असे. गेल्या महिन्यात मी एका तीन दिवसांच्या संगीत व सांस्कृतिक महोत्सवात पहिल्यांदाच स्टॉल लावला. स्टॉलचे भाडे, वाहतूक, मदतनिसाची मजुरी आणि फुटलेल्या मालाचे नुकसान धरले, तर पदरचे पैसे घालावे लागले. पैसे गेले याचे वाईट वाटतेच, पण हे का झाले हे उमगत नाही, याचा त्रास जास्त होतो आहे.

माणसे कमी होती असे मुळीच नाही. स्टॉलसमोरून सतत ये-जा चालू होती, लोक थांबत होते, भांडी हातात घेऊन कौतुकही करत होते. पहिल्या संध्याकाळचा एक प्रसंग सांगते. एका बाईंनी निळ्या झिलईचा उभट पेला उचलला, तो उजेडाकडे धरून आतून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला आणि "हा मला हवा आहे," असे त्या स्पष्ट म्हणाल्या. मी कागद उलगडायला घेतला, इतक्यात मंचावर वाद्ये जुळवल्याचा आवाज आला. त्यांनी पेला हळूच जागेवर ठेवला, "येते नंतर," म्हणाल्या आणि लगबगीने आत गेल्या. त्या परत आल्या नाहीत. तीन दिवसांत असे इतक्या वेळा झाले की शेवटी मी कागद उलगडण्याआधी मंचाकडे कान देऊ लागले.

दुसरी अडचण आवाजाची होती. भांडे निर्दोष आहे हे दाखवण्यासाठी मी ते बोटाच्या पेराने वाजवून दाखवते. चीर नसेल तर आवाज खणखणीत येतो आणि चीर असेल तर बद्द येतो. माझा स्टॉल ध्वनिक्षेपकांच्या रांगेला लागून होता. तिथे भांड्याचा आवाज तर राहोच, मला माझे बोलणेही ऐकू येत नव्हते.

पुढच्या हंगामात आणखी एका महोत्सवासाठी अर्ज करायचा विचार आहे. त्याआधी अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने सांगावे, ही विनंती. माल चुकला, जागा चुकली, की हा व्यवसायच माझ्या मालासाठी नाही?

प्रतिसाद (हातछपाईचे कापड, बरीच वर्षे महोत्सवांत स्टॉल) :

ताई, तुमचा माल चुकलेला नाही. तो पेला त्या बाईंना खरोखरच हवा होता. पण पुढचे तीन-चार तास तो हातात सांभाळत, अंधारात, दाटीवाटीने बसून गाणे ऐकणे त्यांना शक्य नव्हते. प्रदर्शनाला येणारा माणूस खरेदीसाठी घराबाहेर पडलेला असतो, तर महोत्सवाला येणारा ऐकण्यासाठी. त्यामुळे आपल्या वाट्याला त्याचा तेवढाच वेळ येतो, जेवढा मंच रिकामा असतो. प्रवेशद्वारावर किती माणसे मोजली यावरून मी विक्रीचा अंदाज बांधणे केव्हाच सोडून दिले आहे. मी कार्यक्रमपत्रिका मागवून घेते आणि मध्यंतरे किती, प्रत्येक किती मिनिटांचे आणि शेवटचे सादरीकरण संपल्यावर मैदान किती वेळ उघडे राहणार, एवढेच आधी पाहते.

आता त्या मध्यंतराचा हिशेब मांडा. मध्यंतर २० मिनिटांचे आहे आणि तुम्ही एकट्याच भांडे दाखवणे, पैसे घेणे, सुटे देणे आणि कागदात गुंडाळणे ही सगळी कामे करता. एका ग्राहकाला तीन मिनिटे लागली, तर सहा-सात ग्राहक होतात आणि घंटा वाजते. समोर पन्नास माणसे उभी असली तरी आकडा बदलत नाही, आणि मागे उभे असलेले कंटाळून निघून जातात ते वेगळेच. दोघांनी कामे वाटून घेतली, म्हणजे एकाने फक्त दाखवायचे आणि दुसऱ्याने पैसे व बांधणी पाहायची, आणि किंमत प्रत्येक वस्तूवर ठळक लिहिलेली असली, तर हाच वेळ दीड मिनिटावर येतो आणि ग्राहक दुप्पट होतात. निम्मा माल आधीच बांधून ठेवावा आणि मांडणीत प्रत्येक नमुन्याचा एकच नग उघडा ठेवावा. माझ्याकडे घड्या घातलेली कापडे पिशवीसकट तयार असतात. ग्राहकाने नमुन्यावर बोट ठेवले की पिशवी त्याच्या हातात जाते.

तुमच्या मालासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र निराळी आहे. "पैसे आता द्या, वस्तू जाताना घ्या," अशी सोय ठेवा. जोडक्रमांकाच्या चिठ्ठ्या छापून घ्या. एक ग्राहकाकडे जाईल आणि दुसरी बांधलेल्या वस्तूला चिकटेल. मैदान बंद होण्याची वेळ चिठ्ठीवरच लिहा. मी लाकडी ठशांच्या मोठ्या चादरी अशाच विकते, कारण चादर मांडीवर घेऊन कोणी मैफिलीला बसत नाही.

धागालेखिका :

मनापासून आभार. चिठ्ठीची कल्पना मला सुचलीच नव्हती. खरे सांगायचे तर मी दुपारी चार वाजल्यापासून मांडून बसत होते आणि मध्यंतर होईपर्यंत इतकी थकत होते की नेमक्या त्या २० मिनिटांत माझ्या हाताला वेग राहत नव्हता. एक शंका आहे. रिकाम्या वेळात स्टॉलवर काय करावे? लोक येतात, पाहतात, पण घेत नाहीत.

प्रतिसाद (हातछपाईचे कापड) :

त्या वेळात विकू नका, दाखवा. मी कापडाची मागची बाजू उलटून दाखवते. हाताने मारलेल्या ठशाचा रंग बहुधा मागेही उतरलेला असतो आणि दोन ठशांच्या सांध्यावर कुठे केसभर फट, तर कुठे रंगाची गडद रेघ राहते. यंत्रावर छापलेल्या कापडात नक्षी पुन्हा पुन्हा तंतोतंत तीच येते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस मध्यंतरात थेट आपल्याकडे येतो, कारण त्याचा निर्णय तेव्हाच झालेला असतो. भांड्यांबाबतही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. साधी माती आणि १२०० अंशांच्या वर भाजलेली दगडी भांडी यांतला फरक सामान्य ग्राहकाला माहीत नसतो. पहिली पाणी शोषते, दुसरी जवळजवळ शोषत नाही. झिलई न केलेला एक तुकडा ओला करून दाखवला, तरी पुरे.

प्रतिसाद (बासऱ्या व लहान वाद्ये) :

आवाजाच्या मुद्द्याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण माझा सारा धंदाच त्यावर उभा आहे.

ध्वनिक्षेपकाला लागून जागा मिळाली, तर तिथे फक्त विक्रीच जात नाही, कानही जातात. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याचे काम पाहणाऱ्या नियॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी जे मानक दिले, त्यात १५ मिनिटांच्या सरासरीची कमाल मर्यादा १०० डेसिबल ठेवली आहे. श्रोता दोन-तीन तासांनी घरी जातो, पण विक्रेता तीन दिवस तिथेच असतो. म्हणून कानात घालायचे बोळे जवळ ठेवा आणि मदतनिसालाही द्या. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. तेव्हा १० मीटरवरची जागा सोडून ४० मीटरवरची मिळवली, तर १२ डेसिबलचा फरक पडू शकतो. अर्ज करतानाच नकाशात ध्वनिक्षेपक कुठे आहेत, हे विचारून घ्यावे.

माझा स्वतःचा धडा मात्र तापमानाने दिला. बासरीतील हवा गार झाली की तिचा स्वर उतरतो, कारण ध्वनीचा वेग तापमानाबरोबर घटतो : २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर शून्य अंशाला ३३१. दुपारी ३० अंशांत मी जुळवून ठेवलेल्या बासऱ्या रात्री १५ अंशांत अर्धस्वराच्या, म्हणजे सा ते कोमल रे एवढ्या अंतराच्या, जवळजवळ निम्म्याने उतरलेल्या असत. एका जाणत्या वादकाने मोबाइलवरच्या तानपुऱ्याशी बासरी ताडून पाहिली आणि "बेसूर आहे," म्हणून परत ठेवली. शेजारी उभ्या असलेल्या चौघांनीही हातातल्या बासऱ्या खाली ठेवल्या. बासरी बेसूर नव्हती, गार होती. आता मी रात्री दाखवायच्या बासऱ्या लोकरी कापडात गुंडाळून ठेवतो, ग्राहकाला आधी मिनिटभर बासरीत उबदार श्वास सोडायला सांगतो आणि कोणत्या तापमानाला जुळवली आहे, ते बासरीबरोबरच्या चिठ्ठीवर लिहून देतो.

सादरीकरण चालू असताना स्टॉलवर वाद्य वाजवू देत नाही. हा नियम मी स्वतःच घालून घेतला आहे. विक्री गेली तरी चालेल, पण मंचावर कोणी आलापी करत असताना मागून शिट्टीसारखा सूर येणे मला सहन होत नाही.

लाकडी वाद्ये देशाबाहेर नेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. शिसवी ज्या डाल्बर्जिया वंशातली आहे, तो वंश २ जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे परवान्यानेच व्यापार करता येणाऱ्या यादीत, आला. २०१९ च्या दुरुस्तीने त्या परिशिष्टातील तयार वाद्यांना सूट मिळाली, पण कच्च्या लाकडाला ती लागू नाही. लाकूड कोणते, याची खरेदीची पावती जपून ठेवा.

प्रतिसाद (आयोजन समितीत काम केलेली व्यक्ती) :

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेली आहे, म्हणून तिकडचे थोडे सांगते.

स्टॉलच्या जागा वाटताना समिती आधी आपत्कालीन वाटा, विजेच्या तारा आणि अग्निशामक गाडीचा रस्ता आखते. जी जागा उरते, ती विक्रेत्यांना मिळते. म्हणून "चांगली जागा द्या" असे मोघम लिहिलेल्या अर्जाचे आम्ही काहीच करू शकत नाही. "मालाची पारख आवाजावर असल्यामुळे ध्वनिक्षेपकांपासून दूर आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर जागा हवी," असे कारणासह लिहिले, तर ते निदान वाचले जाते. मातीच्या भांड्यांसाठी बाहेर पडण्याचीच वाट योग्य, हे वरच्या चर्चेवरून स्पष्ट आहे. प्रवेशाजवळची जागा महाग असते आणि तिथे माणसे घाईत असतात.

करारातील एक कलम मात्र प्रत्येकाने दोनदा वाचावे. काही आयोजक ठरावीक भाडे घेतात, काही विक्रीवर टक्केवारी घेतात आणि काही दोन्ही घेतात. वस्तूच्या किमतीत निम्मा खर्च आणि निम्मी शिल्लक असेल, तर भाडे वसूल होण्यासाठी भाड्याच्या दुप्पट विक्री लागते. त्यावर १५ टक्के टक्केवारी आली की शिल्लक ५० ची ३५ होते आणि तेच भाडे भरून निघायला जवळजवळ तिप्पट विक्री लागते. यात अजून प्रवास आणि मजुरी धरलेली नाही. वरवर लहान दिसणारी टक्केवारी नेमकी तुमच्या मेहनतान्यातूनच जाते. कार्यक्रम रद्द झाला, किंवा पावसाने एक दिवस वाया गेला, तर भाडे आणि अनामत यांचे काय, हेही लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबून राहिलेल्या विक्रेत्यांचे मी पुढे काय झालेले पाहिले आहे, आणि तेव्हा समितीत असूनही मला काही करता आले नाही, याची खंत आजही आहे.

कलाकाराचे छायाचित्र किंवा गीताच्या ओळी मालावर छापून विकणाऱ्यांनी परवानगी घ्यावी. वेष्टनाच्या अटीही विचारा. इंग्लंडमधील ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाने २०१९ मध्ये एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांची विक्री थांबवली होती. तुमच्या महोत्सवात तशीच अट हवेच्या फुग्यांच्या वेष्टन-प्लास्टिकला (बबल रॅपला) लागू असेल, तर जुने वर्तमानपत्र आणि पुठ्ठ्याच्या कातरणाची सोय आधीच करावी लागेल.

प्रतिसाद (चामड्याच्या वस्तू) :

छताबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. ३ मीटर बाय ३ मीटरच्या तयार मंडपाचे पाय नुसते जमिनीवर टेकवून ठेवू नका. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६ किलो वजनाइतका असतो. बाजूचा पडदा ६ चौरस मीटरचा असेल, तर एकूण ३७ किलोंच्या आसपास. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणजे दीडशे किलो. वीस लिटरचा पाण्याने भरलेला डबा २० किलोंचा होतो. असा एकेक डबा प्रत्येक पायाला आवळून बांधणे ही किमान तयारी समजा, आणि वारा वाढला की बाजूचे पडदे आधी उतरवा. कापडी छताला खोलगट पोट पडू देऊ नका. तिथे एक चौरस मीटरवर १० सेंटिमीटर पाणी साचले, तर ते १०० किलो असते आणि खाली तुमची भांडी असतात.

प्रतिसाद (मेणबत्त्या व दिवे) :

दोन गोष्टी, थोडक्यात.

पहिली गोष्ट पैशांची. हजारो मोबाइल एकाच मैदानात आले की इंटरनेट मंदावते, आणि ते नेमके मध्यंतरात, कारण तेव्हाच सगळे मोबाइल बाहेर काढतात. सुटे पैसे भरपूर ठेवा आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे बाळगा. क्यूआर कोड मोठा आणि जाड कागदावर छापा. हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी तयार केला. त्यात चूक दुरुस्तीची सोय आहे आणि तिच्या सर्वांत वरच्या पातळीला सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. त्यामुळे धुळीची भीती नाही. चकाकणाऱ्या प्लास्टिकवर दिव्याचा उजेड पडला की मात्र मोबाइल तो वाचत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. मंचावरचा लाल-जांभळा प्रकाश स्टॉलपर्यंत येतो आणि निळी झिलई काळपट दिसू लागते. रंग खरा दाखवणारे, म्हणजे रंगदर्शकांक ९० च्या वर असलेले एलईडी दिवे घ्या. ९ वॉटचे दहा दिवे सहा तास चालवायला ५४० वॉट-तास लागतात. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरली, तरी ६०० मिळतात.

प्रतिसाद (लाकडी खेळणी) :

शेवटच्या रात्री किमती उतरवाव्यात, असे मला वाटते. माल परत न्यायचा म्हणजे पुन्हा वाहतूक आणि पुन्हा मोडतोड.

प्रतिसाद (हातछपाईचे कापड) :

याच्याशी मी सहमत नाही. महोत्सवाचे श्रोते तीनही दिवस तेच असतात. पहिल्या रात्री पूर्ण किंमत देऊन घेतलेली वस्तू तिसऱ्या रात्री स्वस्तात मांडलेली त्याच माणसाला दिसते आणि पुढच्या वर्षी तो शेवटच्या रात्रीची वाट पाहतो. परत नेणे परवडत नसेल, तर माल मुळातच कमी आणावा. मी किरकोळ डाग असलेले नग पहिल्या दिवसापासून वेगळ्या टोपलीत, दोष चिठ्ठीवर लिहून ठेवते. ते स्वस्त का आहेत, हे सगळ्यांना दिसते.

धागालेखिका :

सर्वांना उशिरा उत्तर देते आहे, त्याबद्दल क्षमस्व. मधल्या काळात एका दोन दिवसांच्या लहान महोत्सवात स्टॉल लावून आले. अर्जात कारणासह जागा मागितली होती आणि ती बाहेर पडण्याच्या वाटेवर, ध्वनिक्षेपकांच्या मागच्या बाजूला मिळाली. बहीण पैसे आणि बांधणी पाहत होती, मी फक्त दाखवत होते. दुपारी उशिरा मांडले आणि मध्यंतराआधी दोघींनी अर्धा तास स्वस्थ बसून घेतले.

नफा मोठा झाला नाही, पण भाडे, प्रवास आणि बहिणीची मजुरी निघून थोडे उरले. चिठ्ठीवर ठेवून घेतलेली भांडी पहिल्या रात्री अकरा होती. शेवटचे गायन संपल्यावर दहाजण आले. दिवे मालवायला सुरुवात झाली, तरी अकरावी चिठ्ठी आली नाही. पैसे घेतलेले होते, म्हणून मी ते भांडे घरी न नेता समितीच्या कार्यालयात ठेवायला निघाले होते. तेवढ्यात एक आजोबा काठी टेकत आले. गर्दी ओसरेपर्यंत ते खुर्चीवरच बसून राहिले होते. त्यांनी चिठ्ठी पुढे केली, भांडे सोडवायला लावले आणि ते कानाजवळ धरून पेराने एकदा वाजवले. मैदान शांत झाले होते. आवाज आम्हा तिघांनाही ऐकू आला.

एक प्रश्न अजून बाकी आहे : जोडक्रमांकाच्या चिठ्ठ्या दवाने भिजून शाई पसरते. कोणी मेणकागदावर छापून घेतल्या आहेत का?

प्रतिसाद (हातछपाईचे कापड) :

छापू नका. जाड पुठ्ठ्याचे तुकडे करून पेन्सिलीने लिहा. पेन्सिलीचे अक्षर पाण्याने पसरत नाही.